आडवा छेद

हुम्फ्री पिनासनं तो ओंडका आणला वर्तमानपत्रात गुंडाळून,
मासळी आणावी तसा.
म्हणाला, वीत्स्के, याचं पेन होईल का?
जेमतेम वीतभर, पण हातात घेताच मनगट खाली गेलं.
पाण्यात टाकून बघ, दगडासारखं तळ गाठतं.
टाकलं नाही. विश्वास ठेवला.

इथे हार्लिंगनला, धक्क्यामागच्या शेडमध्ये
मी ओक कातते, बीच कातते,
मोडीत निघालेल्या बोटींच्या काठ्यांच्या मुठी करते.
ती लाकडं सांगितलेलं ऐकतात.
हे सूरीनामचं. डच त्याला लेटरहाउट म्हणतात,
अक्षरांचं लाकूड:
तांबूस अंगावर काळ्या खुणांच्या ओळीच्या ओळी,
कुणी लिहिल्या नाहीत,
आणि वाचायला बसलं की डोळे दुखतात.

पंचेचाळीस वर्षं ते एका चौथ्या मजल्यावर
दाराला टेकून दार उघडं धरत होतं.
त्याची आई, मा फिल्दा, घेऊन आली होती,
दोन स्वेटर, एक कढई आणि हे.
जास्तीच्या वजनाचे पैसे भरले म्हणे.
कढई विकली पुढं. हे नाही.

उभं कापलं असतं तर दुपारभराचं काम.
पण उभ्या छेदात खुणा पेनाभोवती कडी घालून बसतात,
आणि हुम्फ्रीला त्या लांबीनं हव्या होत्या,
टोकापासून टोकापर्यंत चालणाऱ्या.
मी म्हटलं, आडवं कापलं तर ते आडवंच येईल.
तो हसला. माझी आईही तशीच होती.

पहिला तुकडा भोक पाडतानाच गेला.
सात मिलिमीटरचं ड्रिल, माझी घाई,
धुराची एक रेघ, मग बारीकसं टक्.
दुसरा लेथवर चढला, पितळी नळी आत घट्ट,
गोल येऊ लागला होता.
पटाशी बोथट झालीय हे मला ठाऊक होतं.
एवढा एक घाव उरकू, मग धार लावू.
अर्धं अंग उडून खिडकीवर.
काचेवर ओरखडा अजून आहे.
शिव्या फ्रिजियनमध्ये दिल्या, डच पुरत नाही.

तिसऱ्याला मेण लावून नुसता ठेवला, आठ दिवस.
रोज जाता-येता बघायचे. तोही बघत असावा.
मग ड्रिल दोन मिलिमीटर आत, बाहेर.
भुसा झटक. बोट लाव.
कोमट? चहा.
पुन्हा दोन.
समुद्राला भरती येऊन ओसरली
तेव्हा कुठे पलीकडचा उजेड भोकातून दिसला.

कातताना सालपटं निघत नाहीत याची,
नुसती पूड, दालचिनीच्या रंगाची, वास कशाचाच नाही.
चार घाव, धार. चार घाव, धार.
श्वाससुद्धा त्याच्या फेऱ्यांना विचारून.
तरी केसाएवढी भेग आलीच, टोपणाजवळ.
लपवली नाही. पितळेचा कीस भरला, वर पातळ गोंद.
आता ती एका खुणेला काना दिल्यासारखी दिसते.

रविवारी तो आला. बोटांत फिरवलं,
कानाशी धरलं, का ते विचारलं नाही मी.
मग पॉलिश पेपरच्या पाठीवर
एक रेघ उभी. एक आडवी.
म्हणाला, आईची सही.
तिला इतकीच येत होती. घरभाड्याच्या करारावर हीच,
माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर हीच,
दवाखान्यात शेवटच्या कागदावरही. फुली.
मास्तरांना वाटायचं, कुणीतरी चूक दाखवलीय.

पैसे मोजले, एक युरो कमी, मी बोलले नाही.
दारापर्यंत जाऊन वळला.
उरलंय का काही?
चार बोटं उरलं होतं. दिलं.
तेवढ्यानं दार धरेल का, मी विचारलं.
वारा असला तर नाही, म्हणाला,
आणि ते कोटाच्या खिशात टाकलं,
खिसा एका बाजूनं खाली ओढला गेला.

मला अजून शिंका येतात, तांबड्या.
खिडकीची काच बदलायचीय.